कौसाचं दूध

एखादी बाई बाळंत झाली की नाही, हे ठरवायला सहसा डॉक्टर लागत नाही. मूल रडतं, शेजारणी बारशाचं विचारू लागतात, काम भागतं. पण बहात्तरच्या दुष्काळात कर्जतच्या सरकारी दवाखान्यात एक पोलीस पाटील एका बाईला घेऊन आला आणि मला म्हणाला, "डाक्टरीनबाई, हिला पोर झालं हुतं का, येवढं बगून द्या. झालं असंल तर ते कुटं गेलं, ते आमी बगू."

मी नुकतीच नोकरीला लागले होते. एमबीबीएस, त्यावर बाळंतपणाचा डिप्लोमा, आणि सरकारनं दिलेली जागा कर्जतची. दुष्काळ नसता तर ती जागा कुणी धडधाकट पुरुष डॉक्टरनं पटकावली असती, असं आमचे कंपाउंडर मला अधूनमधून सांगत. नंतरची सगळी नोकरी आणि नगरमधला माझा दवाखाना धरला तर असंख्य बाळंतपणं केली. त्यांतल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांचं म्हणणं आहे. पण लिहायला बसले की त्या गमतींच्या आधी कौसा येते, म्हणून तिचंच लिहिते.

पाटलामागे ती उभी होती. पंचविशीच्या आसपासची, उंच, पदर कपाळाखाली ओढलेला. खडी फोडून फोडून बोटांच्या पेरांवर जुन्या-नव्या जखमा होत्या, आणि डावा अंगठा तर चांगलाच सुजलेला होता. बाजूला सासू. सासूच्या मागे नवरा, भानुदास, हातात टोपी धरून. आणि दवाखान्याच्या ओट्यावर, त्यांच्यातली नसल्यासारखी, आणखी एक बाई तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती कशाला आली आहे ते मला तेव्हा कळलं नाही. पाटलानं सांगायला सुरुवात केली आणि उलगडा झाला.

मिरजगावच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. त्या साली शेतात काही उरलंच नव्हतं. जमीनवाले आणि बिनजमीनवाले सगळे एका रांगेत बसून खडी फोडत, सरकारनं वाटलेलं सुकडीचं गोड पीठ खात, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या भाजत. कौसाचं घर तिथलंच. ओट्यावरची ती बाई शांता, पाथर्डीकडची. एरवी ऊसतोडीला जाणारं कुटुंब. त्या साली उसाचाही भरवसा नव्हता म्हणून ते पाहुण्यांच्या ओळखीनं या कामावर आले होते. शांताची मुलगी सगू काही महिन्यांची. आईच्याच पोटात नाही तर पाजणार काय? शांताचं दूध आटलं. ती सुकडी पाण्यात कालवून मुलीच्या तोंडाला लावायची, मुलीला जुलाब व्हायचे. पुढे पुढे मुलगी रडेनाशी झाली. बाळंतपणं केलेल्या कुणालाही विचारा, रडणाऱ्या मुलाची भीती वाटत नाही, न रडणाऱ्याची वाटते.

एका दुपारी शांताच्या शेजारी खडी फोडत बसलेल्या कौसानं हातोडी खाली ठेवली, झोळीतून सगूला उचललं आणि सगळ्यांच्या देखत पदराखाली घेतलं. बायांना वाटलं, पोराला नुसतं चुपवतेय. पण थोड्या वेळानं तिनं मुलीला बाजूला केलं तेव्हा मुलीच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

कौसाच्या लग्नाला दहाएक वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. 'वांझ' हा शब्द तिच्या कानांना नवा नव्हता. आता वांझेला दूध आलं म्हटल्यावर दिवस मावळायच्या आत सगळ्या कामावर एकच बोलणं झालं: हिनं गुपचूप पोर जन्माला घातलं आणि कुठंतरी पुरलं. ते कुणाचं, का पुरलं, याच्या कहाण्या ज्यानं त्यानं रचल्या. सासूला तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून तिनंच पाटलाला सांगितलं की सरकारी डॉक्टरला दाखवा, काय ते एकदा होऊन जाऊ द्या.

मी तपासलं. दिवस गेलेल्या, बाळंत झालेल्या बाईच्या शरीरावर त्याच्या खुणा राहतात, लपवून लपत नाहीत. कौसाच्या अंगावर एकही खूण नव्हती. गर्भाशय तर अगदी लहान, आखडलेलं. विचारलं तेव्हा म्हणाली, पाळी तीन-चार वर्षांपासून बंद आहे. डोकं दुखतं. दूध कधीपासून येतं? त्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं. वर्ष-दोन वर्षं झाली असतील, चोळी भिजायची, ती कुणाला कळू नये म्हणून आतून फडकं बांधायची. नवऱ्याला ठाऊक होतं. त्यालाही भीती वाटली म्हणून तोही बोलला नाही.

मी बाहेर येऊन पाटलाला सांगितलं की हिला कधीच मूल झालेलं नाही, हे मी लिहून देते.

"मंग दूद कसं?" पाटील म्हणाला. त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

मी म्हणाले, आजार आहे. दुधाचा का, त्यानं विचारलं. मी म्हणाले, डोक्याचा. हे ऐकून सासूनं कपाळाला हात लावला. "म्हंजी वांझ बी आन येडी बी."

ती मंडळी हसायची नव्हती आणि मीही हसले नाही. हा आजार डोक्यात आहे पण वेड नाही, हे गावातल्या माणसाला कसं समजवायचं, ते माझं मलाच समजत नव्हतं. तरी मला त्याचं नाव सुचलं कसं, ते सांगते. त्याला कारण मिरजगावचे एक शिंपी.

हे शिंपी त्याच्या थोडे दिवस आधी गुडघेदुखीसाठी आले होते. बोलता बोलता त्यांनी तक्रार केली की त्यांची कातर आखडली आहे. मी म्हणाले, लोखंड कसं आखडेल? त्यांनी पिशवीतून कातर काढली, बापाच्या वेळची, आणि अंगठा तिच्या कडीत घालून दाखवला. जात नव्हता. "बाई, ह्याच कातरीवर म्या संसार केला, आन आता ही मला आत घेईना." मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं. हात परातीसारखे, जबडा पुढे आलेला, ओठ जाड, जीभ तोंडात मावत नसल्यासारखी. बायको म्हणाली, लग्नात असे नव्हते हो. माणूस वीस-बाविशीत वाढायचा थांबतो, हे पन्नाशीत पुन्हा वाढायला लागले होते. मी पुस्तकं उघडून बसले, आणि त्यात त्यांच्या आजाराच्या पुढच्याच पानावर दुसरा आजार होता: पाळी बंद आणि मूल नसताना दूध. दोन्हींचं मूळ एका जागी. शिंपी मुंबईला जाऊन किरणांचा शेक घेऊन आले, काही वर्षं जगले, मग हृदयानं दगा दिला. शेवटपर्यंत नवी कातर घेतली नाही म्हणे, ब्लेडनं कापड फाडायचे.

ती जागा म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी एक ग्रंथी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मराठीत तिला पीयूष ग्रंथी म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत, आणि संस्कृतात व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही पीयूषच म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. शरीराची वाढ, पाळी, दूध अशी कितीतरी कामं हा दाणा रक्तात रस सोडून करवून घेतो. त्याच्यात गाठ झाली की ज्या पेशींची गाठ, तो रस बेसुमार होतो. शिंप्याला वाढीचा झाला, कौसाला दुधाचा. आम्ही शिकत होतो तेव्हा माणसात दुधाचा असा वेगळा रस आहे की नाही, यावरच मोठ्या डॉक्टरांचे वाद चालू होते. कौसाला मात्र तो चोळी भिजवून सांगत होता.

दुधानं माणूस मरत नाही. भीती वेगळीच असते. दोन्ही डोळ्यांच्या नसा या ग्रंथीच्या बरोबर वरून एकमेकींना ओलांडून जातात. गाठ वर सरकली की नसा दबतात, आणि आधी बाजूचं दिसेनासं होतं. समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. मला कौसाचा हातोडी बसून सुजलेला अंगठा आठवला. तिला समोर बसवलं, माझ्या नाकाकडे बघ म्हटलं आणि हात दोन्ही बाजूंना लांब करून बोटं हलवली. दिसलं की सांग, म्हणाले. बोटं अगदी कानाजवळ, मग गालाजवळ आणली, तरी ती गप्प. जवळजवळ नाकापाशी आली तेव्हा म्हणाली, "आता दिसलं."

नगरला पाठवून डोक्याचा एक्स-रे काढला. ती ग्रंथी हाडाच्या एका खोलगट बैठकीत असते, तिला तुर्की खोगीर म्हणतात, कारण बाजूनं बघितलं तर खोगिरासारखीच दिसते. कौसाचं ते खोगीर फुगून त्याचं घमेलं झालं होतं.

भानुदासला आणि तिला मी बसवून सगळं सांगितलं. औषध नाही. ऑपरेशन मुंबईला होईल, कवटी उघडून. धोका आहे. पण केलं नाही तर डोळे जातील, हे नक्की. भानुदास लगेच म्हणाला, जाऊ, केव्हा जायचं तेवढं सांगा. दुसरा नवरा असता तर त्यानं आधी मुलाचं विचारलं असतं. मुलाचं कौसानं विचारलं. गाठ काढल्यावर मूल होईल का? मी म्हणाले, सांगता येत नाही, बहुतेक नाही. मग तिनं विचारलं, "आन दूद?"

मी आनंदानं सांगितलं की दूध मात्र थांबेल.

ती उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन शांताजवळ बसली. सगूला मांडीवर घेतलं. भानुदास तिच्यामागे गेला, परत आला आणि म्हणाला, "न्हाई म्हनती. पाऊस पडू द्या म्हनती. पोरगी भाकरीला लागू द्या."

मी तिच्याशी भांडले. तिच्या जागी माझी बहीण असती तरी याहून जास्त भांडले नसते. मी सांगितलं की मुलीला दुधाची पावडर मिळवून देते. कामावर दुधाची भुकटी वाटतात हे खरंच होतं, पण ती कधी यायची, कधी महिनाभर यायची नाही, आणि आली तरी कालवायला टँकरचं पाणी. त्या पाण्यानं जुलाब होऊन किती मुलं माझ्या हातात गेली, हे मला ठाऊक होतं आणि कौसालाही. ती काही त्या कामावर नवी नव्हती. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग एकच बोलायची.

"बाई, माजं डोळं आज जात्यात का?"

आज नाही, पण जातील, मी म्हणायचे.

"हिचा जीव आजच जातोय."

अशा आजाराच्या दुधावर मूल जगतं का, हे कुणी लिहून ठेवलेलं मी वाचलं नव्हतं. पण सगू जगत होती. दर आठवड्याला आम्ही जीप घेऊन कामावर जायचो, देवीच्या लसी, क्लोरिनच्या गोळ्या, खरजेचं मलम असं सगळं घेऊन. प्रत्येक खेपेला मी आधी सगूला वजनाच्या काट्यावर टाकायचे आणि मग कौसाच्या डोळ्यांसमोर बोटं हलवायचे. मुलगी भरत चालली होती. तिच्या मनगटाला वळी पडली, ती हसायला लागली, लोकांच्या टोप्या ओढायला लागली. आणि माझी बोटं दर खेपेला आणखी जवळ आणावी लागत होती.

त्या महिन्यांत बायांचं बोलणंही बदललं. पाटलानं माझं म्हणणं कामावर सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सासूनंही हिला कधी पोर झालंच नाही असं चारचौघींत म्हणायला सुरुवात केली. शांता कौसाच्या वाटणीची खडी फोडू लागली, कारण कौसाला हातोडी दिसायची आणि बोट दिसायचं नाही. मुकादमानं कौसाला पाणी वाटायच्या कामावर घातलं. मग घागर घेऊन चालताना ती दगडांना ठेचकाळू लागली, तेव्हा तेही बंद झालं. ती झाडाखाली सगूला आणि इतरांच्या पोरांना सांभाळत बसायची. वांझ म्हणून ज्यांनी आपली पोरं तिच्या सावलीला जाऊ दिली नव्हती, त्याच बाया आता झोळ्या तिच्यापाशी बांधायला लागल्या. मला वाटतं ते दिवस तिचे चांगले गेले. मी मात्र तिच्याकडे बघायचे तेव्हा मला ते फुगलेलं खोगीरच दिसायचं.

पाऊस आला. कामं उठली. शांताच्या कुटुंबाला पेरणीला गावी जायचं होतं, आणि सगू भाकरीचा काला खायला लागली होती. त्या जाताना मी नव्हते. भानुदास नंतर म्हणाला, पोरगी कौसाच्या अंगावरून निघेना, ओढून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी कौसा त्याला म्हणाली, आता न्या मला कुठं न्यायचं ते.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. भानुदास बाहेर फूटपाथवर झोपायचा. तिथल्या डॉक्टरांनी मला कळवलं की गाठ फार वर गेली होती, निघाली तेवढी काढली. ती वाचली. दूध आटलं. एका डोळ्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं, दुसऱ्याला तेही नाही. काही महिने आधी आणली असती तर, असं त्यांनी पुढे लिहिलं होतं आणि वाक्य अर्धंच सोडलं होतं.

वर्ष-दीड वर्षानं भानुदासनं दुसरं लग्न केलं. हे सांगायला तो स्वतः माझ्याकडे आला, टोपी हातात धरून, जमिनीकडे बघत. "तिला इचारूनच केलं," म्हणाला. मी त्याला काय बोलणार? त्याच्याइतकं त्या काळात कुणी केलं नसतं. कौसा त्याच घरात राहिली, मागच्या सोप्यात.

याच सुमाराला माझी बदली नगरला झाली, आणि दोन-तीन वर्षांनी एक दिवस शांता दवाखान्यात आली. पुन्हा दिवस गेले होते. मी तिला ओळखलं आणि पहिल्यांदा सगूचं विचारलं. तिनं सांगितलं की दुष्काळानंतरच्या पहिल्याच हंगामात, कारखान्याच्या तळावर, कोपीत, गोवर आला. कोपी म्हणजे ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी, वाकून आत शिरावं लागतं. तळावरची बरीच पोरं आजारी पडली. बाकीची उठली, सगूच्या छातीत उतरला.

मी विचारलं, कौसाला कळवलंस का?

"न्हाई बाई," ती म्हणाली. "आन तुमी बी सांगू नका. तिचे डोळे सगूवर गेलेत. सगू बी गेली म्हनून सांगितलं, तर तिच्यापाशी ऱ्हायलं काय?"

मग तिनं सांगितलं की दर वर्षी ऊसतोडीला जाताना ट्रक मिरजगावात थांबतो तेव्हा ती उतरते, कौसाच्या घरी जाते. काहीतरी सांगते. सगू चालायला लागली, सगू बोलते, सगू हट्ट करते. शेजारच्या कुणाच्या मुलीचं बघून ठेवायचं आणि तेच सांगायचं. हे बोलताना ती रडली नाही. रडायचं तिचं होऊन गेलं होतं असं मला वाटलं. मी तिला कबूल केलं की माझ्या तोंडून काही निघणार नाही.

आणि मग गोळी आली.

हे घडायला अजून काही वर्षं जावी लागली. एक गोळी, रोज घ्यायची, सुरुवातीला मळमळायचं, आणि काही आठवड्यांत दूध बंद, पाळी सुरू. एवढंच नाही, गाठ आकसायची. कवटी न उघडता. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागचं सगळं नंतर हळूहळू कळत गेलं, ते मला समजलं तेवढं सांगते.

रक्तात सुटलेला रस सगळ्या अंगभर फिरतो, पण त्याचं सगळे ऐकत नाहीत. बाजारात दवंडी पिटली तर ऐकू सगळ्यांनाच येते, पण ज्याचं नाव घेतलं तोच उठतो. पेशींच्या अंगावर असे नाव ओळखणारे कण असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ज्या पेशीवर तो असेल तीच त्या निरोपाला जागते. आता ग्रंथीतल्या, दुधाचा रस तयार करणाऱ्या पेशींना वर मेंदूतून सतत एक निरोप येत असतो: पुरे. ते पुरे अखंड येत असतं, म्हणूनच मूल नसलेल्या बाईला दूध येत नाही. गाठीच्या पेशी वाढीचे निरोप स्वतःच तयार करतात आणि स्वतःच ऐकतात. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, असं त्यांचं चालतं. असल्या पदार्थांना वाढीचे घटक म्हणतात, आणि गाठ फुगते त्यात त्यांचा हात असतो. पण एवढं होऊनही, दुधाच्या बहुतेक गाठींच्या अंगावर ते पुरे ओळखणारा रिसेप्टर शाबूत असतो. काहींवर तो फार कमी असतो, तिथे गोळी चालत नाही. बाकीच्यांना गोळी मेंदूच्याच आवाजात पुरे म्हणते, आणि त्या ऐकतात.

म्हणजे कौसाच्या गाठीनंही बहुधा ऐकलं असतं. ऐकायची तिची तयारी होती, आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. मी एवढी वर्षं ती गाठ म्हणजे कुणी राक्षस आहे असं धरून चालले होते.

पहिली गोळी मी नगरमधल्या एका शाळामास्तरीणबाईंना दिली. कौसासारखंच, पाळी बंद आणि दूध, पण डोळे चांगले. पुढच्याच वर्षी त्या पेढे घेऊन आल्या. मुलगा झाला होता. मी पेढा खाल्ला, डॉक्टरनं खायचाच असतो. त्या गेल्यावर पुढच्या पेशंटला आत बोलवायला मला थोडा वेळ लागला.

त्यानंतर मिरजगावला एक आरोग्य शिबिर होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कौसाच्या घरी गेले. भानुदास शेतात होता. त्याची दुसरी बायको चांगली होती, तिनं चहा टाकला. तिची दोन मुलं अंगणात खेळत होती. कौसा मागच्या सोप्यात सुपात शेंगा घेऊन बसली होती, हातानं चाचपून फोडत. आवाजावरून तिनं मला ओळखलं. मुलं तिच्याजवळ येतात का, मी विचारलं. ती म्हणाली, येतात, पण धाकट्याला घरचे उचलू देत नाहीत. तिच्या हातून पडेल म्हणून. "बरूबर हाय त्यांचं," म्हणाली.

इकडचं तिकडचं झाल्यावर तिनंच विचारलं की तिच्यासारखं आता कुणाला झालं तर काय करतात. मला खोटं बोलता आलं असतं. मी गोळीचं सांगितलं.

शेंगा फोडायचा हात थांबला. "माजं डोळं ऱ्हायलं असतं?"

"बहुतेक राहिले असते."

"आन दूद?"

"थांबलं असतं. थोड्या दिवसांत."

ती बोटांनी सुपातले दाणे एका बाजूला ओढत राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, मग बरं झालं तेव्हा ती गोळी नव्हती, पोरगी तरी जगली. तसं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, "सगू साळंत जाती आता. शांता सांगत हुती." मग माझ्या बाजूला तोंड केलं. "तुमी बगितली का तिला?"

मी म्हणाले, "नाही." तेवढं तरी खरं होतं.

आतून चहाची कपबशी वाजली. कौसानं आवाज खाली आणला, सवतीला ऐकू जाऊ नये इतका.

"शांता दर साली येती. बसती, पोरीचं समदं सांगती. पन पोरीला कदी संगं आनीत न्हाई." तिनं एक शेंग उचलली, फोडली, दाणे सुपात टाकले. "मी बी आन म्हनत न्हाई. आन म्हनलं, तर ती बिचारी कुटून आनील?"